पोचा काढण्यापूर्वी

तांब्याच्या घागरीला पडतो तो पोचा आणि मोटारीच्या पत्र्याला पडतो तोही पोचाच. वस्तू बदलली, धातू बदलला, तरी मराठीने शब्द बदलला नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोडीचे ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. पोचे आलेली घागर तांबटाकडे जाई, ठोके खाऊन पुन्हा आकारात येई आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला निघे. तिच्याविषयी घरात फारशी चर्चा होत नसे. मोटारीच्या पोच्याविषयी मात्र होते. कोठे दुरुस्त करावा, किती खर्चावे, विम्याकडे जावे की नाही, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर काम करून रात्री हे पुस्तक उघडत असतील. दारातली दुचाकी किंवा चारचाकी तुमच्याही कर्जाच्या हप्त्यांतून आलेली असेल. म्हणून हा प्रश्न आपण थोडा सावकाशीने पाहू.

मी भुकूमला राहते. चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघालात, की भूगावनंतर आमचे गाव लागते आणि पुढचा लहानसा घाट ओलांडला, की पिरंगुट. या एका रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक, दुधाच्या गाड्या, शाळांच्या बस आणि सुट्टीच्या दिवशी मुळशी धरणाकडे व ताम्हिणीकडे निघालेले पुणेकर यांची दाटी होते. गेल्या आषाढात भर पावसात वाहनांची रांग खोळंबली असताना मागून आलेला एक पिकअप टेम्पो माझ्या उभ्या गाडीवर आदळला. कोणाला खरचटलेही नाही. गाडीचा मागचा बंपर एका बाजूने निखळला, डावा दिवा फुटला आणि चाकावरच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा पडून रंग निघाला.

टेम्पोचालक विशीतला मुलगा होता. "काकू, गाडी मालकाची आहे. त्यांना कळलं तर एकदम पगारातून कापतील. जे होईल ते मीच देतो, पण थोडं थोडं करून," असे तो म्हणाला. मी त्याचा क्रमांक घेतला आणि घरी आले. माझी गाडी कशी दुरुस्त करायची, हे ठरवताना त्या मुलाच्या खिशावर किती भार टाकायचा, हेही मीच ठरवणार होते. ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी शहरातील एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने 18,000 रुपयांचा अंदाज दिला. त्यात नवा बंपर आणि दिवा मिळून 6,000, पत्र्याचे काम व मजुरी 4,000 आणि रंगकाम 8,000 रुपये. "विमा आहे ना, मग काळजी कशाला?" असे तेथील माणसाने हसून सांगितले. काळजी कशाला, हे कागद-पेन्सिल घेतल्यावर कळते.

माझ्या पॉलिसीला घसारा माफ करणारी, लोक जिला 'झिरो डेप' म्हणतात ती जोड नव्हती. अशा वेळी प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. रंगकामाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा रंगसामग्रीचा धरतात आणि त्याचाही निम्मा भाग वजा होतो. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीच्या प्रत्येक दाव्यात पहिले 1,000 रुपये मालकाने सोसायचे असतात. हे सारे वजा जाता मला 13,000 रुपये मिळाले असते आणि 5,000 माझ्याकडून गेले असते.

पण हिशेब येथे संपत नाही. सलग पाच वर्षे दावा न केल्यामुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मला 50 टक्के सवलत मिळत होती. एक दावा केला, की ती शून्यावर येते आणि पुढे दावाविरहित वर्षांगणिक 20, 25, 35, 45 अशी चढत पुन्हा 50 वर पोहोचते. माझा मूळ हप्ता 9,000 रुपये होता. तो स्थिर धरला, तर या चढणीत माझे एकंदर 11,250 रुपये जात होते. म्हणजे 13,000 रुपये हाती घेऊन त्यांतील बहुतेक रक्कम मी पुढच्या पाच वर्षांत हळूहळू परत करणार होते. तुमचे आकडे वेगळे असतील. गाडी फार मोडली असेल, तर दावा करणेच शहाणपणाचे ठरेल. मात्र बेरीज-वजाबाकी तुमची तुम्हीच करा. ती दुसऱ्याच्या हसण्यावर सोडू नका. टेम्पोच्या तृतीय-पक्ष विम्यातून भरपाई मागण्याचाही मार्ग होता. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. तळहाताएवढ्या पोच्यासाठी ते मला पटले नाही.

मग मी गावाजवळच्या एका साध्या गॅरेजमध्ये गेले. तेथील मिस्त्रींनी रंगाचे नावही काढले नाही. "ताई, आधी बंपर उतरवून आत बघू," ते म्हणाले. बंपर प्लॅस्टिकचा असतो. धक्का बसला, की तो दबतो आणि पुन्हा फुगून जागेवर येतो. वरून सारे ठीक दिसते, पण आतली पट्टी वाकलेली असू शकते. त्यांनी आतील लोखंडी आडवा दांडा तपासला, डिकी उघडून-मिटून पाहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते बोटाने चाचपले. एक पट्टी वाकली होती, काही क्लिपा तुटल्या होत्या, बाकी सारे शाबूत होते. पट्टी ठोकून सरळ झाली आणि बंपर गरम हवेने आकारात आला. तो बदलण्याची गरज नव्हती. दिवा मात्र नवाच बसवला. पावसात आणि धुक्यात मागच्या वाहनाला आपण दिसतो ते त्या दिव्यामुळे. तेथे काटकसर चालत नाही.

पोच्याचे काम त्यांनी दोन टप्प्यांत सांगितले. ताम्हिणीकडून येणारा पाऊस भुकूमपर्यंत ओसरतो खरा, पण हवेतला ओलावा महिनोन्‌महिने हटत नाही. उघडा पत्रा अशा हवेत लवकर गंजतो आणि लांबी भरून घाईने वर रंग दिला, तर आत राहिलेल्या ओलीमुळे पुढे फोड येतात. म्हणून पत्रा ठोकून लगेच इपॉक्सी प्रायमरचा हात द्यायचा आणि रंग दसऱ्यानंतर. चार महिने माझी चंदेरी गाडी मागच्या कोपऱ्यावर करड्या रंगाचा ठिपका घेऊन फिरली. शेजाऱ्यांनी "अजून रंगवली नाही?" असे अनेकदा विचारले. त्या प्रश्नाने गाडी गंजत नाही, एवढे मला कळले होते.

एकूण खर्च 6,500 रुपये झाला. दिव्याचे 1,800, बंपरचे 1,200, पत्र्याचे 1,000 आणि रंगाचे 2,500. मुलाला बोलावून मी बिल दाखवले. पैसेच घेऊ नयेत, असे घरातून सुचवले गेले. पण त्याने शब्द दिला होता आणि तो मोडीत काढणे मला त्याचा अपमान वाटला. पहिल्या तीन बाबींचे 4,000 रुपये त्याचे, असे ठरले. रंगाचे माझे, कारण त्याच पत्र्यावरचे जुने ओरखडेही रंगाखाली जाणार होते. ते त्याच्या टेम्पोचे नव्हते. दरमहा 1,000 रुपये, असा वायदा झाला. दसऱ्यापर्यंत तीन हप्ते आले आणि चौथा दिवाळीनंतर. सर्व्हिस सेंटरचा कागद मी त्याच्यापुढे ठेवला असता, तर त्याचे वर्ष गेले असते.

तेव्हा तुमच्या वाहनाला पोचा पडेल, त्या दिवशी त्याच्याभोवती एक फेरी मारा आणि तीन गोष्टी वेगळ्या करा. ज्यामुळे जिवाला धोका आहे ते आजच नीट करा. ज्यातून पाणी शिरेल वा गंज चढेल ते या आठवड्यात झाका. जे केवळ डोळ्याला खुपते, त्याला सवड द्या. आणि नुकसान दुसऱ्याच्या हातून झाले असेल, तर बिल मांडताना त्यात आपली हौस मिसळली नाही ना, ते एकदा तपासा. चंदेरी रंग जुळवणे कठीण असते. दुपारच्या उन्हात माझ्या गाडीचा तो कोपरा आजही किंचित निराळा दिसतो. मिस्त्रींनी पुन्हा रंगवून देण्याची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले.