इंजिन थांबले तेव्हा
अहिल्यानगरच्या दुष्काळी मातीत वाढलेल्या आम्हा उभयतांना समुद्राचे अप्रूप. निवृत्तीनंतर तारकर्लीला होडीतून डॉल्फिन पाहावयास गेलो. दूर एक पाठ दिसताच चार होड्या तिच्यामागे धावल्या. ती पाण्यात लोपली.

सौ. नावाड्याला म्हणाल्या, "दादा, पाठलाग नको. इंजिन बंद करा."

"काकू, मग दिसले नाहीत तर पैसे परत मिळणार नाहीत."

आयुष्यभर हिशेब सांभाळलेला मी म्हणालो, "कबूल."

बऱ्याच वेळाने राखाडी पाठी उमटल्या; श्वासाचा फुसकारा ऐकू आला. बलाढ्य ओर्काही याच कुळातला. समुद्रात राहूनही या जिवांना श्वासासाठी वर यावेच लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला अभय दिले आहे. ते पाळणे मात्र होडीत बसणाऱ्या आपल्याच हाती आहे.