लहेजा आणि हसू

आम्ही अक्कलकुवा भागातले मुसलमान. घरात मराठी-गुजराती शब्द मिसळलेली उर्दू, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात अहिराणी आणि काठीकडून डोंगर उतरून येणाऱ्या गिऱ्हाइकाशी मोडकीतोडकी का होईना, भिली. चार बोलींत आमचा व्यवहार चालतो. पण आम्ही शुद्ध बोलतो असे अजून कोणी म्हटलेले नाही. पुण्या-मुंबईत तोंड उघडले की समोरच्याच्या ओठांवर हसू येते. मराठी नाटकात एखादे मुसलमान पात्र ‘मेरेकू, तेरेकू’ करत आले की प्रेक्षागृहात उठते, तेच हे हसू.

या हसण्याचा विचार करताना १९६५ सालचा ‘गुमनाम’ आठवतो. दिग्दर्शक आपले मराठी राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचे. त्याच्या सुरुवातीला रॉक अँड रोलच्या ठेक्यावरचे क्लबमधले नाचगाणे आहे. ते इतके गाजले की २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाची सुरुवातच त्या नाचाने झाली. मोहम्मद रफींनी ते साफ जबानीत गायिले. त्याच चित्रपटात मेहमूदच्या तोंडी असलेले विनोदी गाणेही रफींचेच. पण मेहमूद बटलर आणि त्याचा लहेजा हैदराबादी दखनी. गळा एकच! क्लबातल्या गिटारला शहरी जबान मिळाली, दखनी मात्र नोकराच्या वाट्याला आली. औरंगाबादचा वली १७०० साली दिल्लीला गेला, तेव्हा फारसीत रमलेल्या तिथल्या शायरांना या दक्षिणेच्या जबानीतली गझल ऐकून नवल वाटले होते. जबान तीच, फक्त तिची जागा बदलली.

विलायतेतही हेच होते. लिव्हरपूलचा लहेजा म्हणजे गोदी कामगारांचा, असे लंडनचे मातब्बर समजत. १९६४ साली ‘अ हार्ड डेज नाइट’ या विनोदी चित्रपटात बीटल्स त्याच लहेज्यात बोलले. लोक हसले, पण ते रेल्वेच्या डब्यातल्या ऐटबाज साहेबाला. पुढे रॉकवाला म्हणजे इंग्रजी लहेज्याचा, हे इतके पक्के झाले की १९८४ साली ‘धिस इज स्पायनल टॅप’मध्ये रॉक बँडची टर उडवताना अमेरिकी नटांनी मुद्दाम तो लहेजा उचलला.

म्हणजे प्रश्न लहेज्याचा नाही, तो कोणाच्या हाती आहे याचा आहे. मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागाच्या गावातली माणसे आपल्याच बोलीत गब्बर झाली, वीरू झाली. मालेगावकर पोट धरून हसले आणि त्या हसण्यात कोणाचा अपमान नव्हता. स्वतःवर स्वतः हसणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्याला हसण्यासाठी उभे करणे वेगळे.

काठीची होळी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, अंगावर नक्षी काढलेले तरुण रात्रभर ढोलावर नाचतात. गाणी त्यांच्याच बोलीत. दुरून आलेला पाहुणा तिथे शब्द न कळताही अदबीने ऐकतो. पण तोच तरुण चार दिवसांनी बाजारात मराठी बोलला की त्याच्या हेलाची नक्कल होते. नक्कल करणाऱ्यांत आमच्यातलेही काही असतात. ‘मेरेकू-तेरेकू’चा काटा ज्यांच्या अंगात रुतला आहे, त्यांना दुसऱ्याच्या पायातला काटा दिसू नये?

आमच्या मुलांना आम्ही शुद्ध मराठी जरूर शिकवावी, त्यावाचून नोकरी नाही. पण डोंगरातून येणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसायचे नाही, हेही घरातच शिकवावे लागेल. ते कोणत्याच शाळेच्या पुस्तकात नाही.