आधी अब्बांच्या फायली

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की आमचा संगणक आपोआप बंद पडायचा. डबा उघडून पंख्यावरची काळी धूळ साफ करून घेतली. मग हार्ड डिस्क कटकट करू लागली. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट संपले.

बेगम म्हणाल्या, "लॅपटॉपच घ्या. लाईन गेली तरी चालेल." शहराला लागून २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र, आणि घरात ही चिंता!

आमचा जीव मात्र अब्बांच्या आठवणींत अडकला होता. त्यांनी सांगितल्या, आम्ही इनपेजमध्ये उर्दूत टाइप केल्या. अब्बा आता नाहीत. इनपेजच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नसतात. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नुसती वेडीवाकडी चिन्हे दिसतात. वर्गात आम्ही मुलांना 'वही जपा' म्हणतो, आणि घरची वही अशी!

म्हणून ठरवले, खरेदी नंतर. आधी फायली दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, मग युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ तपासली.

अम्मींनी एकच विचारले, "आता हे जाणार नाही ना?"

आम्ही छापलेली प्रत त्यांच्या हातात दिली. लॅपटॉप दुसऱ्या पगारात घेतला.