भात भाताला राहू दे

आमच्या तलासरीकडे दिवाळीच्या आसपास भाताची कापणी उरकते आणि घरात नव्या तांदळाचा वास दरवळू लागतो. पुढे थंडी पडली की बाजारात फ्लॉवर स्वस्त होतो. गेल्या हिवाळ्यात घरात नवा तांदूळ भरलेला होता आणि डॉक्टरांनी अब्बांना भात कमी करायला सांगितला. साखर वाढली होती.

भाताशिवाय अब्बांना जेवल्यासारखे वाटत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. फ्लॉवर किसला, हळद घालून परतला आणि काही न बोलता डाळीबरोबर वाढला. पहिल्याच घासाला ते थांबले. म्हणाले, "बेटा, साखर वाढलीय, अक्कल नाही गेली."

ते मला लागले. मी दोन भाषा शिकवते. मुलांना सांगते, उर्दूत कच्चा असो की शिजलेला, चावल तो चावलच; मराठीत कच्चा तो तांदूळ, शिजला की भात, आणि शेतात उभा असतो तोही भातच. आणि घरी मीच फ्लॉवरला भात म्हणून वाढत होते!

दुसऱ्या दिवशी सगळे सांगून केले. अब्बाच किसायला बसले. कीस स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडा केला. पसरट कढईत तेल तापवून शहाजिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, मग आले-लसूण, हिरवी मिरची आणि हळद घातली. मोठ्या आचेवर कीस पाच-सहा मिनिटे परतला. झाकण ठेवले नाही, वाफेने त्याचा लगदा होतो. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटते. वरून लिंबू, कोथिंबीर.

शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये ५ च्या आसपास. हे काही औषध नव्हे. पण ताटात दोन चमचे खरा भात आणि शेजारी हे, असे जमले.

"याला काय म्हणायचं?" मी विचारले.

"बटाट्याचा कीस असतो ना, तसा फ्लॉवरचा कीस. भात भाताला राहू दे."

त्या दिवशी अब्बांनी कीस दोनदा मागून घेतला.