मिटणारा काप

हातग्राइंडरने लोखंड कापताना सर्वांत जास्त दगा देतो तो मिटणारा काप. दोन्ही टोकांना टेकू दिलेला पाइप मधोमध कापायला घेतला की तो स्वतःच्या वजनाने दबतो, वरची फट आवळते आणि मिलिमीटरभर जाडीची चाकी तिच्यात अडकते. चार इंची मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते; चाकीची कड सेकंदाला साठेक मीटर धावत असते. अडकताच मशीन उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते, नाहीतर चाकी फुटते. म्हणून तुटणारा भाग टेकूच्या बाहेर लोंबता ठेवावा. काप आपोआप उघडत जातो.

वर्कशॉपमधल्या टेबलावर हे जमते. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र बरेच काम जागेवर, शिडीवर उभे राहूनच करावे लागते. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारख्या तडाख्यात पिळवटलेली शेड उतरवताना कुठला अँगल ताणात आणि कुठला दाबात, हे नुसते बघून कळत नाही. गंजाच्या पापुद्र्याखाली लोखंड किती उरले तेही दिसत नाही. तुटणारा तुकडा आधी दोरीने बांधावा. मग थोडे कापून थांबावे आणि फट बघावी. रुंदावत असेल तर पुढे जावे. आवळत असेल तर बटण बंद करून मशीन स्थिर धरावे, चाकी पूर्ण थांबल्यावरच ती बाहेर घ्यावी आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी.

काप आवळू लागला की आवाजाची पट्टी उतरते. मुरलेला कारागीर ते कानाने ओळखतो आणि त्याचा त्याला मोठा अभिमान असतो. त्यापायीच तो वर्षानुवर्षे कानात बोळे घालत नाही. हा गोंगाट कानातले उंच स्वर आधी खातो. मग एक दिवस हाताखालचा पोरगा ओरडतो, “काका, चाकी अडकतली!” आणि काकांना ते त्याच्याकडून कळते. खरे तर बोळे घालूनही उतार ऐकू येतो, मनगटाला तर तो जाणवतोच. गार्ड काढून चार इंची मशीनवर पाच इंची चाकी चढवणे हाही तसलाच तोरा, आणि नव्या पोरांना नेमके त्याचेच कौतुक वाटते, हे फार वाईट.

ठिणग्या लांबवर उडतात. बंदरावर नायलॉनची जाळी आणि डिझेलचे कॅन हलवल्याशिवाय बटण दाबू नये.

चाकी राळेने बांधलेली असते. मिरग लागल्यावरची दमट हवा ती बांधणी सैल करते. मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेले असते. ती मुदत उलटलेली चाकी कोरी दिसली तरी मोडून टाकावी. बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सपाट ठेवाव्यात. संध्याकाळी आधी पिन काढावी, मग चाकी उतरवावी. मशीन चाकीवर टेकवून ठेवले तर तिला न दिसणारी चीर जाते. हवेच्या फटींतली लोखंडाची पूड ब्रशने झाडावी, नाहीतर खाऱ्या हवेत ती आतच गंजून बसते. सकाळी चढवलेली चाकी तोंडापासून दूर धरून मिनिटभर मोकळी फिरवावी, मगच लोखंडाला लावावी.