पट्टा पडल्यावरची साफसफाई

बारामती-इंदापूर पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या भागात, माझं काम उसाचंच आहे. फक्त ते पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये चालतं. इथल्या एका कारखान्याच्या ऊसनोंदी, काट्यावरची वजनं आणि बिलं त्यात आहेत. गाळप चालू असताना तिथे हात लावायचा नसतो, काटा रात्रंदिवस चालतो. म्हणून पट्टा पडल्यावर, पावसाळ्यात, जुने रोल काढायला घेतले.

दर हंगामात कुणीतरी गरजेपुरता नवा रोल करून ठेवला होता. चिटबॉयसाठी वेगळा, काटा क्लार्कसाठी वेगळा, गट ऑफिससाठी आणखी वेगळा. हंगामी माणूस घरी जातो, रोल पासवर्डासकट मागे राहतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात आणि तो सगळा हिशोब वजनावर असतो. ते वजन कोण बदलू शकतं हे कारखान्याला ठाऊक असलंच पाहिजे.

काट्याच्या एका जुन्या रोलवर ‘ड्रॉप रोल’ चालवलं, तर नकार आला. वजनांचं एक टेबल आणि पावती छापायचे व्ह्यू त्याच्याच मालकीचे होते. या डेटाबेसमधल्या वस्तूंची नावं संदेशात आली. चाचणीच्या डेटाबेसमधल्या वस्तूंची मात्र नुसती संख्या. रोल साऱ्या सर्व्हरचा असतो, त्यामुळे तिथेही जाऊन बघावं लागलं.

शेजारी बसलेल्या शेतकी विभागाच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी विचारलं, “वजनं तर जायची नाहीत ना सर? शेतकरी कितीही वर्षांनी पावती घेऊन येतो.” प्रश्न अगदी बरोबर होता. ‘ड्रॉप ओन्ड’ ही आज्ञा रोलला दिलेले अधिकार काढते, पण त्याच्या मालकीची टेबलंही पाडते. म्हणून आधी ‘रिअसाइन ओन्ड’ने मालकी कायमच्या रोलकडे द्यायची, तीही प्रत्येक डेटाबेसमध्ये. मगच ‘ड्रॉप ओन्ड’ आणि शेवटी ‘ड्रॉप रोल’. हा क्रम उलटा झाला तर बॅकअपशिवाय काही हाती राहत नाही.

त्याही आधी संशयातले सगळे रोल ‘नोलॉगिन’ करून थांबलो. त्याने चालू जोडण्या तुटत नाहीत, त्या वेगळ्या तोडाव्या लागतात. थांबल्याचा उपयोग झाला. एका गट ऑफिसातून फोन आला, “आडसाली लागणीच्या नोंदी भरता येईनात.” चिटबॉयच्या जुन्याच रोलवर तिथलं काम चाललं होतं. त्यांना वाचायला आणि नोंद करायला पुरेल एवढाच नवा रोल दिला, वजनांना हात न लागणारा. मग जुना काढला.

कारखाना असो, दूध संघ असो की पतसंस्था, हे काम पाहणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वर्षातून एकदा रोलची यादी छापून खातेप्रमुखांसमोर ठेवा. प्रत्येक रोलपुढे आज तो वापरणाऱ्याचं नाव लिहून घ्या, आणि ज्यापुढे नाव येणार नाही तो त्याच दिवशी ‘नोलॉगिन’ करा.