काकडदऱ्याच्या उतारावर

आर्वीला आमची खाला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो की कपड्यांची खरेदी, आंबे आणि गप्पा, एवढाच कार्यक्रम. या वेळी आम्ही म्हटलं, "खाला, एक दिवस काकडदऱ्याला जाऊन येतो." ती हसली. "तिथं काय पाहता? डोंगर?"

डोंगरच पाहायचा होता. काकडदरा हे आर्वी तालुक्यातलं आदिवासी वस्तीचं छोटं गाव. 2017 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 30 तालुके उतरले होते. त्यात हे गाव पहिलं आलं, 50 लाखांचं बक्षीस मिळालं. स्पर्धेची मुदत 8 एप्रिल ते 22 मे. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्या दिवसांत दुपारी टिकावाचा दांडासुद्धा हातात धरवत नाही. त्या उन्हात लोकांनी श्रमदान केलं.

उतारावर चढताना आधी काहीच दिसत नाही. मग डोळ्यांना सवय होते आणि आडव्या रेघा दिसू लागतात. हेच समतल चर. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन पट्ट्यांना बांधून सारख्या उंचीच्या जागा शोधायच्या, चुन्याने खूण करायची आणि तिथे खणायचं. रेघ जरा तिरकी गेली तर पाणी एका टोकाला धावतं आणि चरच फोडतं. म्हणून काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचं. आधी वरचं पाणी अडवलं नाही तर खालचा बांध टिकत नाही.

आठवीतल्या आमच्या लेकीला आम्ही तिथेच बसवून हिशेब घातला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? 10,000 लिटर. पाच मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चरात किती मावेल? 900 लिटर, आणि पावसाळ्यात तो पुन्हा पुन्हा भरतो. "अब्बू, हे वर्गात का नाही शिकवत?" तिने विचारलं. काय सांगणार? ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती. हातकामातून शिक्षण, ही नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. आम्ही बी. एड.ला ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खाली येईपर्यंत टोचत राहिली. चर माथ्यावर खणायचे आणि पाणी वाढतं पायथ्याच्या विहिरीला. ज्याची जमीन वर आहे किंवा ज्याला जमीनच नाही, त्याने घाम का गाळावा? अशा कामात सगळ्यात कठीण भाग हाच असावा, खणणं नव्हे. खालच्याने दोन बोअर मारून सगळं उपसलं तर वरच्याची मेहनत मातीत. शिवाय चर काही वर्षांत गाळाने भरतात, ते उपसायला कोणतीही स्पर्धा येत नाही.

दूर मोरोक्कोत बूतमेझगीदा नावाच्या डोंगरावर जाळ्या उभारून धुक्यातलं पाणी गावांपर्यंत नेलं आहे. पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बायकांचे रोजचे कित्येक तास वाचले. तिथे धुकं, इथे दोन-तीन महिन्यांचा पाऊस. जे मिळतं ते अडवायचं, एवढंच दोन्हीकडे सारखं.

परतताना गाडीत आम्ही गप्प होतो. कारण आमच्या मोहल्ल्यातली विहीर. मुलं पडतील, डास होतात म्हणून ती बुजवावी असा अर्ज झाला, त्यावर आमच्याही घरची सही होती. आता तिथे दुचाक्या उभ्या असतात आणि उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहून सरकारला बोल लावतो.

विहीर परत मिळणार नाही. पण मशिदीतलं वुजूचं पाणी दिवसातून पाच वेळा सरळ नालीत जातं, त्याचा शोषखड्डा होऊ शकतो. वॉटर कपमध्ये शोषखड्ड्यांनाही गुण होते. जुम्याला आम्ही कमिटीकडे विषय काढला. एकजण म्हणाले, "ओल भिंतीला लागेल, मास्तर." शंका बरोबर होती. म्हणून खड्डा भिंतीपासून दहा फूट लांब, नळाच्या पलीकडे आखला आहे. खाली मोठे दगड, वर लहान, मग जाड वाळू. वाळू एकाने कबूल केली आहे. दगडांसाठी आणि खणायला येत्या इतवारी सकाळी फजरनंतर जमायचं ठरलं आहे. आतापर्यंत सहा नावं आली आहेत, त्यात आमच्या लेकीने स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं आहे.